मरुभूमीत चाकांवरचे घर

भांडुप पश्चिमेला स्थानकाजवळ भांड्यांचे दुकान असलेल्या एका कुटुंबाने गेल्या डिसेंबरच्या उत्तरार्धात दहा दिवसांसाठी दुकान नोकरांवर सोपवले. व्यापारी घरात असा निर्णय सहजासहजी होत नाही. परंतु कमुरता लागला होता, लग्नसराई संक्रांतीपर्यंत थांबलेली होती आणि या दिवसांत स्टीलच्या डब्यांपलीकडे फारसे काही खपत नाही, हा तीन पिढ्यांचा अनुभव होता. कुटुंब मूळचे मारवाडातील ओसवाल. पणजोबा प्रथम अहमदनगर जिल्ह्यात आले, तेथून पुढची पिढी भांडुपला. घरात मराठी बोलली जाते; मारवाडी केवळ आजींच्या ओठी उरली आहे आणि तीही लग्नातली गाणी म्हणताना.

प्रश्न आजींचाच होता. वय एकोणऐंशी, गुडघे थकलेले, वर्षानुवर्षांचा चौविहार आणि उकळलेल्याच पाण्याचा नियम. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नाही. तीन वर्षांपासून त्यांनी प्रवास सोडला होता. कोणी आग्रह केला, की त्या एवढेच म्हणत, "माझ्या पाण्यापायी तुमची यात्रा कशाला अडवू?" हॉटेलात पाणी कोण उकळून देणार, रेल्वेत सूर्यास्ताला जेवण कोठून येणार, रात्री दोनदा उठावे लागते त्याचे काय, असे हे साधे प्रश्न होते आणि साधे असल्यामुळेच त्यांना उत्तर नव्हते. सी. ए.ची परीक्षा देत असलेल्या नातवाने उत्तर शोधले ते मोटारहोमचे. स्वयंपाकघर, चार बिछाने, छोटे प्रसाधनगृह आणि सव्वाशे लिटरची पाण्याची टाकी असलेली, चालकासह भाड्याने मिळणारी गाडी. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून हे नाव लोकांच्या कानावर आहे, तरी गाडी प्रत्यक्ष दारात उभी राहिली तेव्हा अख्खी सोसायटी पाहायला उतरली.

आजींनी आत पाऊल टाकले आणि पहिलीच हरकत घेतली. चुलीपासून तीन पावलांवर शौचालय? या हरकतीत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. अखेर तोड निघाली, की दिवसा धर्मशाळा आणि पेट्रोल पंप यांचा आधार घ्यायचा आणि गाडीतील सोय केवळ रात्री आजींसाठी ठेवायची. सूनबाईंनी दुकानातून एक मोठे पातेले आणि दोन रुंद पराती आणल्या, पाणी गाळण्यासाठी खादीचे दुहेरी फडके घेतले. सव्वाशे लिटर पाणी नळाला नळी लावून दहा मिनिटांत भरले गेले. भांडुपकराला पाण्याचे काय कौतुक? वैतरणा खोऱ्यातून येणारे मुंबईचे पाणी ज्या संकुलात शुद्ध होते, ते भांडुपच्याच टेकडीपाशी आहे. आशियातील मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांत त्याची गणना होते. त्याच्या कुशीत राहणाऱ्याला सव्वाशे लिटर म्हणजे किती, हे कळायला तीन दिवस लागले.

गाडी पहाटे चारला निघाली. इतक्या पहाटेही घोडबंदर रस्त्याने आपला कर वसूल केलाच. पहिला मुक्काम अहमदाबादेत नातेवाइकांच्या अंगणात झाला. दुसऱ्या दिवशी शंखेश्वर पार्श्वनाथांचे दर्शन घेऊन थराद मार्गे सांचोर. सांचोर म्हणजे प्राचीन सत्यपुर. नित्याच्या चैत्यवंदनात ज्या गावच्या महावीर प्रभूंचे नाव बालपणापासून मुखी येते, ते गाव नकाशावर कोठे आहे, असा प्रश्न घरात कोणालाच कधी पडला नव्हता. धाकट्या नातीने पाटी वाचली आणि ती आजींकडे पाहू लागली. आजींनी जागच्या जागी हात जोडले.

'कॅरॅव्हॅन' हा शब्द फारसी कारवानातून आला, आपल्याकडे त्याला तांडा म्हणत. परंतु जैन वाचकाला त्याहून जुना शब्द ठाऊक आहे, तो म्हणजे सार्थ. सार्थाचा प्रमुख तो सार्थवाह. भगवान ऋषभदेवांच्या पूर्वभवांची गणना जिथून सुरू होते, तो धन हा सार्थवाहच होता. हेमचंद्राचार्यांनी त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्राच्या आरंभी त्याची कथा सांगितली आहे. वसंतपुराला निघताना धनाने नगरात दवंडी पिटवली, की ज्याला यायचे त्याने यावे, वाहन नसेल त्याला वाहन आणि शिदोरी नसेल त्याला शिदोरी मिळेल. धर्मघोष आचार्यही शिष्यांसह त्या सार्थाबरोबर निघाले. वाटेत पावसाने सारे अडकले आणि त्या गडबडीत धनाला मुनींचा विसर पडला. पुढे आठवण झाली तेव्हा तो शरमला, त्याने शुद्ध भावाने तूप वहोरावले आणि तेथेच त्याला बोधिबीजाची प्राप्ती झाली. सांचोरच्या मुक्कामी ही कथा आजींनी नातीला सांगितली, तेव्हा नातीचा प्रश्न एकच होता, "त्यांच्या गाड्यांत पाण्याची टाकी होती का गं?"

सांचोरहून बाडमेरकडे जाताना गांधवजवळ लूणी नदी ओलांडावी लागते. नावाप्रमाणेच ती खारट आहे आणि समुद्रापर्यंत न पोहोचता कच्छच्या रणात जिरते. डिसेंबरात पुलाखाली वाळूच होती. येथून जवळच राष्ट्रीय महामार्गाच्या तीन किलोमीटर लांबीच्या पट्ट्यावर हवाई दलाची विमाने संकटकाळी उतरू शकतात. त्याचे उद्घाटन सप्टेंबर २०२१ मध्ये झाले. नातवाला तो पट्टा पाहायचा होता, पण वेळ नव्हता.

त्याच रस्त्यावर सकाळच्या थंडीत तीन साध्वीजी विहार करीत चाललेल्या दिसल्या. गाडी थांबली. आजी गुडघे सांभाळत खाली उतरल्या, रस्त्याच्या कडेला वंदना केली, सुखशाता विचारली. साध्वीजींना काहीच नको होते. नवकारशीची वेळ झालेली नव्हती आणि पुढच्या विहारधामाला त्या वेळेत पोहोचणार होत्या. रोज किती चालणे होते, असे सूनबाईंनी विचारले तेव्हा पंधरा-अठरा किलोमीटर असे उत्तर आले. पांढरी वस्त्रे मागे लहान होत गेली. गाडीने पुढच्या तासाभरात त्यांची तीन-चार दिवसांची वाट मागे टाकली, आणि बराच वेळ गाडीत कोणी बोलले नाही.

वेळेविषयी एक गोष्ट येथे नमूद करण्यासारखी आहे. आजींजवळ भांडुपच्या उपाश्रयातून आणलेला तक्ता होता. त्यात मुंबईचे सूर्योदय-सूर्यास्त छापलेले. भारतात घड्याळ एकच असले तरी सूर्य एक नाही. डिसेंबरच्या अखेरीस जैसलमेरकडे सूर्योदय मुंबईपेक्षा वीस-पंचवीस मिनिटे उशिरा, साडेसातनंतर होतो, आणि सूर्यास्त मात्र काही मिनिटे आधीच, सहाच्या सुमारास. म्हणजे नवकारशी आठ-वीसनंतर आणि त्यानंतर खाण्यापिण्याला मिळतात ते जेमतेम साडेनऊ तास. नातवाने फोनवर त्या त्या गावची वेळ काढून दिली. आजींनी तक्ता घडी करून पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, "जिथला सूर्य, तिथला नियम."

कुटुंबप्रमुखांना मात्र हे सारे जड जाऊ लागले होते. ते दुकानदार, दिवसाचे गणित त्यांच्या डोक्यात पक्के. सकाळी निघायला नऊ वाजत, चारपासून स्वयंपाकाची घाई सुरू होई, पाचला गाडी उभी करावी लागे. बाडमेरला दुपारी जेवताना त्यांच्या तोंडून निघून गेले, "आई, प्रवासात नियमाला थोडी सवलत असते." आजींनी ताटातला शेवटचा घास संपवला, ताट धुऊन प्यायले आणि शांतपणे म्हणाल्या, "मग मला इथून मुंबईच्या गाडीत बसवून दे. तुम्ही पुढे जाऊन या." त्यानंतर शंभर किलोमीटर मायलेकांत एक शब्द झाला नाही.

बाडमेर-जैसलमेर रस्त्यावर शिव मागे टाकल्यावर, हमरस्त्यापासून बरेच आत एक गाव आहे. पणजोबा तेथून निघाले. मारवाडी माणूस लोटा-डोर घेऊन निघाला, असे आपल्याकडे कौतुकाने आणि कधी कुत्सितपणेही म्हटले जाते. लोटा समजतो, पण दोरी कशाला? थरच्या विहिरी पाहिल्यावर उत्तर मिळते. काही ठिकाणी पाणी शंभर-दोनशे फूट खाली असते. ज्याच्यापाशी आपली दोरी नाही, त्याला विहिरीवर उभे राहूनही तहानलेले राहावे लागे. या घरात सांगतात, की पणजोबांची दोरी नगरकडच्या विहिरींसाठी फार लांब ठरली आणि पुढे तिचे तुकडे करून ती गाठोडी बांधायला वापरली गेली.

आतला रस्ता खडबडीत होता. गावात पोहोचले तेव्हा सव्वापाच होत आले होते. जैनांचे एकही घर आता तेथे नाही. लहानसे मंदिर बंद आहे. पूजा करणारे कोणी उरले नाही म्हणून मूर्ती पूर्वीच दुसऱ्या गावी नेली गेली. पणजोबांच्या घराच्या जागी दगडांचा ढीग आणि त्यात उगवलेला केर. एवढे पाहून सारे गाडीकडे परतले, तेव्हा सूनबाईंच्या लक्षात आले, की नळाला पाणी नाही. धक्क्यांनी टाकीखालचा जोड निसटला होता आणि सव्वाशे लिटर पाणी कच्च्या रस्त्याच्या वाळूने कधीच पिऊन टाकले होते. सकाळी उकळलेले पाणी दुपारीच संपले होते; संध्याकाळसाठीचे टाकीतूनच उकळायचे होते. बाटलीबंद पाण्याचे दुकान हमरस्त्यावर, म्हणजे जाऊन-येऊन तासाभराचे. सूर्यास्ताला चाळीस मिनिटे होती. आजी पाण्याविना रात्र काढणार आणि सकाळी आठ-वीसपर्यंत थांबणार, हे उघड होते. त्यांनी तसे म्हटलेही, आणि अगदी सहज म्हटले. तेच मुलाला सर्वांत लागले.

चालक सिरोहीकडचा. तो शेजारच्या ढाणीवर गेला आणि एका वृद्ध बाईंना घेऊन आला. बाईंच्या हाती पितळी लोटा होता. पाहुणे दारात आले आणि पाणी विचारले नाही, याची त्यांना लाज वाटत होती. पाणी त्यांच्या टांक्यातले होते.

टांका म्हणजे जमिनीखालचा चुनेगच्ची हौद, वरून झाकलेला. भोवतालची जमीन हौदाकडे हलका उतार देऊन घट्ट आणि स्वच्छ राखतात. तिला आगोर म्हणतात. पावसाळ्यापूर्वी आगोर झाडून काढायचे, त्यावर जनावर फिरू द्यायचे नाही, चपला घालून जायचे नाही. पडेल तो थेंब उतारावरून आत येतो. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, जैसलमेर भागात दोनशेही नाही. या प्रदेशातील लोक पाण्याला तीन नावे देतात. आकाशातून थेट मिळालेले ते पालर, खोल विहिरीतले, बहुधा खारे, ते पाताळ, आणि वाळूखालच्या खडियाच्या थराने अडवून धरलेली ओल ती रेजाणी. अनुपम मिश्र यांनी 'राजस्थान की रजत बूंदें' या ग्रंथात ही सारी व्यवस्था फार सुंदर मांडली आहे. टांक्यातले पाणी पालर. पाऊस बरा झाला तर ते घराला काही महिने पुरते. म्हणूनच त्यातला एक लोटा पाहुण्याला देणे ही लहान गोष्ट नव्हे.

आजींनी लोटा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. मग मोडक्यातोडक्या मारवाडीत सांगितले, की हे पाणी मी घेणार, पण माझा नियम आहे, उकळूनच घेते. राग मानू नका. बाईंना त्यात वावगे काही वाटले नाही. त्यांच्या आईच्या काळी शेजारी महाजनांची घरे होती आणि तेही असेच करीत, असे त्या म्हणाल्या. त्यांनी घागरभर पाणी आणखी काढून दिले.

पुढची वीस मिनिटे गाडीत जे घडले, ते पाहण्यासारखे होते. सूनबाईंनी फडके दुहेरी करून पाणी गाळले, पातेल्यात हवे तेवढेच घेतले. जास्त उकळण्याचा प्रश्नच नव्हता. थंडीच्या दिवसांत उकळलेल्या पाण्याची मर्यादा चार प्रहरांची, आणि सूर्यास्तानंतर ते कोणासाठी? अप्कायाची विराधना विनाकारण का करायची? शेगडी मोठी केली. तीन उकळ्या आल्याशिवाय पाणी उतरवायचे नाही, हा नियम घाईतही कोणी मोडला नाही. मग ते दोन परातींत ओतले. गाडीबाहेर एका दगडावर पराती ठेवल्या गेल्या आणि दुकानाचे मालक उकिडवे बसून वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालू लागले. दुपारी सवलतीची गोष्ट काढणारे तेच. मुंबईच्या दमट हवेत परातीतले पाणी निवायला बराच वेळ लागतो. वाळवंटाच्या कोरड्या वाऱ्याने ते फार लवकर निवते. नातू फोनमधील घड्याळाकडे पाहत मिनिटे मोजत होता, नात सूर्याकडे. सूर्य क्षितिजाला टेकायला सात मिनिटे असताना आजींनी पेला हाती घेतला. दोन पेले पाणी त्या सावकाश प्यायल्या. मुलाने विचारले, "आणखी?" त्यांनी मानेने नको म्हटले, पच्चक्खाण घेतले आणि त्याच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला.

फडक्यावर राहिले होते, त्याचे काय करायचे? पाण्यातील जीव ज्या पाण्याचे, त्याच पाण्यात परत गेले पाहिजेत. फडके थोड्या पाण्यात हलकेच धुऊन ते पाणी नातीने बादलीत धरले, आणि आजी तिच्या खांद्याचा आधार घेत टांक्यापर्यंत गेल्या. आगोराच्या कडेला दोघींनी चपला काढल्या. बादली दोरीने खाली सोडून पाण्याला टेकवली आणि मग तिरकी केली. ढाणीवरच्या बाई हे बघत उभ्या होत्या. पाणी घेऊन जाणारे त्यांनी जन्मभर पाहिले होते.

ती रात्र गावाच्या कडेलाच गेली. चालक आणि नातू यांनी विजेरीच्या उजेडात जोड घट्ट केला. सकाळी पाण्याचे पैसे देऊ केले तेव्हा बाईंनी हात मागे घेतले. खडीसाखर मात्र ठेवून घेतली.

जैसलमेरचे वर्णन अनेकांनी केले आहे, त्यामुळे येथे थोडक्यात. रावळ जैसल यांनी ११५६ मध्ये वसवलेल्या या किल्ल्यात आजही माणसे राहतात. वरपर्यंत रिक्षा जाते, म्हणून आजींना चढ पडला नाही. पिवळ्या दगडातील जिनमंदिरे एकमेकांना जोडलेली आहेत. एका देवालयातून दुसऱ्यात कधी आलो ते कळत नाही. संभवनाथ मंदिराच्या तळघरात पंधराव्या शतकात जिनभद्रसूरींनी ज्ञानभांडार स्थापले. ताडपत्रांना कोरडी हवा मानवते, आणि हे ठिकाण आक्रमकांच्या वाटेपासून दूर होते. १८७४ मध्ये ब्यूलर आणि याकोबी हे जर्मन पंडित येथवर आले ते या ग्रंथांसाठी. १९५० नंतर मुनी पुण्यविजयजींनी येथे दीर्घकाळ राहून भांडाराची व्यवस्था लावली आणि सूची केली. नातू काचेपलीकडची ताडपत्रे पाहत तेथून हलेना.

ज्या पाण्यासाठी हा प्रदेश तळमळतो, तेच पाणी किल्ल्याला पोखरते आहे. घराघरांत नळ आले, सांडपाणी वाढले, ते खालच्या ठिसूळ खडकात मुरू लागले आणि बुरूज खचू लागले. २०१३ पासून हा किल्ला जागतिक वारसा यादीत आहे. म्हणून पाझर थांबत नाही. खाली पटवांच्या हवेल्या आहेत. गुमानचंद पटवा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाच मुलांसाठी पाच हवेल्या बांधायला घेतल्या, तेव्हा सिंध आणि त्यापलीकडून उंटांचे तांडे येथे जकात भरून जात. पुढे मुंबईचे बंदर आणि रेल्वे यांनी तो व्यापार ओढून नेला, १९४७ च्या सीमेने उरलेली वाटही बंद केली. कोरीव सज्जे पाहताना दुकानदारांनी मागील बाजूची माल उतरवायची जागाही विचारून घेतली. पेढ्या सोडून माणसे जिकडे गेली, त्या वाटेवरचेच एक दुकान भांडुपला आहे.

समच्या टेकड्यांवर तंबू आणि ध्वनिवर्धक यांची इतकी दाटी झाली आहे, की वाळूचा आवाज ऐकायचा तर अन्यत्र जावे. उंटाच्या सवारीला आजींनी नकार दिला आणि नातीने फार हट्ट धरला नाही. जवळच्या मरुभूमी राष्ट्रीय उद्यानात माळढोक आहे. सोलापूरजवळच्या नान्नजचा हा आपला पक्षी महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला. येथेही विजेच्या तारांवर आपटून तो मरतो. या कुटुंबाला तो दिसला नाही.

शेवटचे दर्शन लोद्रव्याचे. जैसलमेर वसण्यापूर्वीची भाटींची ही राजधानी, शहरापासून पंधरा किलोमीटरांवर. उद्ध्वस्त नगरात पार्श्वनाथांचे मंदिर तेवढे उभे आहे. सतराव्या शतकात थारू शाह यांनी त्याचा उद्धार केला. सहस्रफणा पार्श्वनाथांची श्यामवर्ण मूर्ती पाहून आजी बराच वेळ बसून राहिल्या. मंदिरात एक जुना लाकडी रथ जपून ठेवला आहे. थारू शाहांच्या संघयात्रेशी त्याचे नाते सांगितले जाते. आजी त्याच्या चाकांकडे वाकून पाहत होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी चालकाला विचारले, "आपल्या चाकांत हवा पाहिलीस ना रे?" तो हसून म्हणाला, "पाहिली, माजीसा. आणि जोडही."

परतीला नाकोडा, मग रणकपूर, मग थेट भांडुप. गाडी परत करताना निसटलेल्या जोडाबद्दल अनामतीतून काही रक्कम कापली गेली. त्यावर थोडी हुज्जत झाली आणि मिटली. प्रवासाचा हिशेब दुकानदारांनी दुकानाच्याच वहीत वेगळ्या पानावर लिहिला आहे. भाडे, डिझेल, टोल, धर्मशाळा, केशर, भांडार. तिसऱ्या दिवसाच्या नोंदीत ढाणीच्या नावापुढे 'पाणी, दोन घागरी' असे लिहिले आहे आणि रकमेचा रकाना कोरा आहे. मार्चअखेर ताळेबंद करताना नातवाने ते पान मिळवण्याविषयी विचारले. वडिलांनी सांगितले, की पावसापूर्वी आगोर झाडायच्या दिवसांत आपण पुन्हा तिकडे जाणार आहोत, तोवर बाकी राहू दे.